चुकीवर एक रेघ



बचत गटाची बैठक संपली, चहा आला, की बोलणं मुलांच्या शाळेकडे वळतं. हल्ली गटागटांतून आम्हाला एकच तक्रार ऐकू येते. मूल हुशार आहे, पण एक अक्षर वाकडं आलं की पान फाडतं. खोडून खोडून कागदाला भोक पाडतं. उत्तर येत असूनही वर्गात हात वर करत नाही.

आईला हा आळस वाटतो, नाहीतर हट्ट. आम्हाला वाटतं, ही भीती आहे. चुकलं तर आपली किंमत कमी होईल, ही भीती. सगळं बिनचूकच हवं म्हणणारं मूल शेवटी काहीच लिहीत नाही. कोऱ्या पानात चूक सापडत नाही ना!

काही मुलं स्वभावानंच हळवी असतात. पण घरातल्या बोलण्यानं ही भीती वाढते. "वीसपैकी अठरा? मग दोन कुठे गेले?" "शेजारच्या पोराला अ-1, तुला अ-2 कसा?" कौतुकही जपून करावं लागतं. अमेरिकेत क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक यांनी पाचवीच्या मुलांवर केलेला अभ्यास 1998 साली प्रसिद्ध झाला. "तू हुशार आहेस" असं ज्यांना सांगितलं होतं, ती मुलं अवघड कोडी चुकल्यावर लवकर खचली. "तू मेहनत घेतलीस" असं ज्यांना सांगितलं, ती चिकटून राहिली.

आता आपली गटाची रोकडवही आठवा. आकडा चुकला तर तिथे खोडरबर चालत नाही, गिरवलेलं चालत नाही. चुकीच्या आकड्यावर एक रेघ, शेजारी बरोबर आकडा आणि सही. पान फाडलं तर उलट हिशेबावरच संशय येतो. दुरुस्ती दिसते, म्हणून तर त्या वहीवर सगळ्यांचा विश्वास.

हाच नियम मुलांना शिकवा. एका गटातल्या ताईंनी पाचवीतल्या लेकीला आपली वही दाखवली. "बघ, आमच्यातही चुका होतात. एक रेघ मारायची नि पुढे जायचं." लेकीनं गणिताच्या वहीत तसंच सुरू केलं. तिचे गुण वाढले का, हे आम्ही विचारलं नाही. ती आता पान पुरं करते, एवढं ताईंनी सांगितलं.

मूल स्वतःला "मी ढ आहे" म्हणालं, तर त्याला विचारा, "तुझ्या मैत्रिणीचं असं चुकलं असतं तर तिला काय म्हणाली असतीस?" मग म्हणा, "तेच स्वतःला म्हण."

माया म्हणजे लाड नव्हेत. गटात एखादीचा हप्ता चुकला तर आपण तो माफ करत नाही. पण तिला चारचौघींत लाजवतही नाही. काय अडचण आली ते विचारतो, पुढची तारीख ठरवतो. अभ्यासाचंही तसंच. राहिलेलं गणित करायचंच, पण उद्या, शांतपणे, सोबत बसून.

शाळेत मुलाला चुकीवरून टोचून बोललं जात असेल तर गप्प राहू नका. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नुसार मारण्याप्रमाणे मानसिक छळालाही बंदी आहे. आधी वर्गशिक्षकांशी नीट बोला. सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान 75 टक्के पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, असंही हा कायदा सांगतो. ती जागा आपली आहे, तिथे जाऊन बोला.

आणि मुलाची झोप उडाली, जेवण तुटलं, शाळेचं नाव काढताच ते रडू लागलं, तर वाट बघू नका. टेलि-मानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर फोन करा.

आज संध्याकाळी दप्तर उघडाल तेव्हा लाल शेरे मोजण्याआधी एक विचारा, "आज अवघड काय होतं? आणि तू काय करून पाहिलंस?" उत्तर येईपर्यंत थांबा.