आधी पेशंट, मग पडदा



समजा, नर्सिंगच्या विद्यार्थिनीने एका पेशंट बाईंच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला.
ऑक्सिजनचा आकडा बराच कमी आला.
बाई मात्र खुशाल गप्पा मारताहेत!
मग विद्यार्थिनीचं लक्ष त्यांच्या नखांकडे गेलं. गडद नेलपॉलिश.
अशा पॉलिशने हे यंत्र फसू शकतं, हात गार असले तरीही.
म्हणून आधी पेशंट पाहायचा, मग पडदा.

डिजिटल आरोग्यसेवेचा पहिला धडा हाच.

आता ‘ई-संजीवनी’चं उदाहरण घ्या. ही केंद्र सरकारची टेलिमेडिसिन सेवा.
गावातल्या केंद्रावर पेशंटजवळ समुदाय आरोग्य अधिकारी बसतो.
डॉक्टर असतात दूर, पडद्यावर.
त्यांना पोट दाबून पाहता येत नाही.
ते काम जवळच्या माणसाचं.
कुठे दुखतं, किती दुखतं, पोट कडक लागतं का, हे त्याने नेमकं सांगायचं.
खरं तर हे कौशल्य जुनंच. पण कॅमेऱ्यासमोर ते वेगळं घोटून घ्यावं लागतं.

दुसरी गोष्ट नियमांची.
मार्च 2020 मध्ये देशात टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचना आल्या.
त्यानुसार अंमली औषधं अशा सल्ल्यातून लिहून देता येत नाहीत.
‘आभा’ या डिजिटल आरोग्य खात्याशी जोडलेली माहितीही पेशंटच्या संमतीनेच पाहायची.

हे नुसतं पाठ करून भागत नाही, सराव हवा.
वर्गात एकाने पेशंट व्हावं, दुसऱ्याने दूरचा डॉक्टर.
मध्येच नेटवर्क तोडावं!

श्रोतेहो, तुमच्या घरात कुणी नर्सिंग किंवा डॉक्टरकी शिकत असेल, तर जरूर विचारा:
असा सराव कॉलेजात होतो का?