चिऱ्याची शक्ती आणि नमुन्याचा आकार



गुहागर परिसरात बांधकाम म्हटले की जांभ्याचा चिरा आलाच. अंजनवेलच्या गोपाळगडाच्या तटापासून गावातील घरांच्या भिंतींपर्यंत याच तांबड्या दगडाने पिढ्यान्‌पिढ्या भार वाहिला आहे. खाणीतून काढताना तो मऊ असतो. ऊनवारा लागला की टणक होतो. मात्र एकाच खाणीतील सर्व थर सारखे नसतात. म्हणूनच शाळा, दवाखाना यांसारख्या इमारतींसाठी चिऱ्याची दाब सोसण्याची शक्ती तपासून घेणे इष्ट ठरते. भारतीय मानक ३६२० (१९७९) अन्वये ही शक्ती दर चौरस सेंटिमीटरला किमान सुमारे ३५ किलोग्रॅम असावी लागते.

परंतु अहवालातील आकडा केवळ दगडाचा नसतो, तो नमुन्याच्या आकाराचाही असतो. नमुना दाबयंत्राच्या दोन पोलादी तबकड्यांमध्ये ठेवून दाबला जातो. दाबाखाली दगड बाजूंना फुगू पाहतो; तबकड्यांशी होणारे घर्षण वरच्या व खालच्या टोकांना त्याला आवळून धरते. नमुना बुटका असेल तर तो जवळजवळ संपूर्ण या पकडीत राहतो आणि अधिक भार सोसतो. उंच नमुन्याचा मधला भाग मोकळा राहतो व तो लवकर चिरफळतो.

अभियंत्यांच्या एका प्रचलित सूत्रानुसार, घनाकृती नमुन्याची शक्ती १०० धरल्यास रुंदीच्या निम्म्या उंचीचा नमुना सुमारे १२२ दाखवितो, तर दुप्पट उंचीचा सुमारे ८९. आता समजा, एखाद्या चिऱ्याची घनाकृती नमुन्यावरील शक्ती ३२ आहे. म्हणजे तो मानकात बसत नाही. त्याच चिऱ्याचा चपटा तुकडा तपासला, तर आकडा ३९ येईल आणि नापास दगड कागदावर उत्तीर्ण होईल! त्या भिंतीखाली उद्या मुले बसणार आहेत.

यास्तव अहवाल हाती येताच पंचायत सदस्यांनी तीन गोष्टी पाहाव्यात. नमुन्याची लांबी, रुंदी व उंची नोंदली आहे काय? आकारानुसार आकडा दुरुस्त केला आहे काय? आणि कोकणातील पाऊस ध्यानी घेता, पाण्यात भिजविलेले नमुनेही तपासले आहेत काय? शिक्षकांनाही हा धडा वर्गात सहज देता येईल. साबणाची उभी व आडवी वडी दाबून पाहिली, तरी मुलांना आकाराचा प्रभाव उमगेल.

दगड खोटे बोलत नाही. त्याला प्रश्न मात्र नीट विचारावा लागतो.