दुसरीचा उतारा
(हीरक महोत्सवी समारंभातील भाषण)



१९९५ साली मुंबईत ‘प्रथम’ ही संस्था उभी राहिली. रसायनशास्त्राचे प्राध्यापक माधव चव्हाण आणि समाजकार्याच्या अध्यापिका फरीदा लांबे हे तिचे संस्थापक. इमारतीची वाट न पाहता त्यांनी वस्तीतल्याच तरुणींच्या हाती बालवाड्या सोपविल्या. २००५ पासून रुक्मिणी बॅनर्जी यांच्या नेतृत्वाखाली ‘असर’ पाहणी सुरू झाली. स्वयंसेवक घरोघरी जाऊन मुलांसमोर दुसरीचा उतारा ठेवतात. पाचवीतली कित्येक मुले तिथेच अडखळतात.

परप्रांतात आपली मराठी शाळा साठ वर्षे टिकली, याचा अभिमान आहेच. परंतु आपल्याच नातवंडांसमोर मराठी उतारा ठेवला तर? माजी विद्यार्थ्यांनो, देणगीबरोबर आठवड्यातला एक तासही द्या. एका मुलाजवळ बसा आणि त्याचे वाचन ऐका.