हप्ता तोच, वर्षे वाढली
(बडोद्यातील मराठी कुटुंबांच्या वार्षिक सभेत कार्यकारिणीतर्फे केलेल्या भाषणाचा मजकूर)



सभेच्या विषयपत्रिकेवर 'घरकर्ज' हा विषय पाहून काही सभासदांनी विचारणा केली, की भाषा, शाळा आणि निवडणुका यांवर ठराव करणाऱ्या आपल्या मंडळाने या घरगुती विषयात कशाला पडावे? आमचे म्हणणे असे, की व्याजाचा दर मुंबईत रिझर्व्ह बँकेत हलतो, जंत्री गांधीनगरला ठरते आणि बांधकामाची परवानगी आपल्या महानगरपालिकेतून मिळते. तीन ठिकाणच्या सरकारी टेबलांवर जे ठरते, ते घरगुती कसे म्हणावे?

आपल्यापैकी बहुतेकांचे पूर्वज गायकवाडांच्या चाकरीत किंवा त्यांच्या मागोमाग येथे आले. रावपुरा, दांडिया बझार या भागांत वाडे झाले, पिढ्या तेथे नांदल्या. आज त्या वाड्यांची स्थिती आपण जाणता. प्रॉपर्टी कार्डावर अजून आजोबांचे नाव, वारस दहा-बारा, त्यांतले निम्मे पुण्याला नाहीतर परदेशी. अशा मिळकतीवर दुरुस्तीसाठीही बँक सहजासहजी कर्ज देत नाही. मग मुलगा-सून गोत्री, वासणा किंवा मांजलपूरकडे फ्लॅट किंवा टेनामेंट पाहतात आणि वीस वर्षांचे कर्ज काढतात. वडील म्हणतात, "वाड्यातला हिस्सा विकून मी थोडी भर घालतो." पण जुन्या शहराच्या ज्या भागांना अशांत धारा लागू आहे, तेथे विक्रीपूर्वी कलेक्टरची परवानगी लागते आणि तिला वेळ लागतो. वारसांच्या सह्यांना त्याहून जास्त. बिल्डरची तारीख मात्र थांबत नाही. हिस्स्याचे पैसे हातात येण्यापूर्वी त्यांच्या भरवशावर बानाखत करू नये, ही आमची पहिली सूचना.

आता मुख्य मुद्दा. कर्ज घेताना आपण एकच प्रश्न विचारतो, "हप्ता किती?" हप्ता पगारात बसला, की सही करतो. आमच्याकडे कागद दाखवायला आलेल्या जवळजवळ प्रत्येक कुटुंबाने असेच केले होते. धोका मात्र हप्त्याच्या आकड्यात दिसत नाही. तो मुदतीत लपलेला असतो.

एक हिशेब मांडतो. तीस लाखांचे कर्ज, मुदत २० वर्षे, व्याज पावणेसात टक्के. मासिक हप्ता येतो सुमारे २२,८११ रुपये. पहिल्या महिन्यात त्यातले १६,८७५ रुपये व्याजात जातात आणि उरलेले सुमारे ५,९३६ मुद्दलात. इथवर ठीक. आता रिझर्व्ह बँकेने काय केले ते पाहा. मे २०२० पासून रेपो दर ४ टक्के होता. मे २०२२ पासून तो वाढत गेला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५० टक्क्यांवर पोहोचला. म्हणजे अडीच टक्क्यांची वाढ, तीही वर्षाच्या आत. आपले पावणेसात टक्क्यांचे कर्ज सव्वानऊ झाले असे धरा. तीस लाखांवर एका महिन्याचे व्याजच होते २३,१२५ रुपये. हप्ता २२,८११! म्हणजे हप्ता वेळेवर भरूनही मुद्दल एका रुपयाने कमी होत नाही, उलट वाढते. कर्ज ठरल्याप्रमाणे वीस वर्षांतच फेडायचे, तर हप्ता सुमारे २७,४७६ रुपयांवर न्यावा लागतो. महिन्याला साडेचार हजारांहून जास्त बोजा.

प्रत्यक्षात वाढ टप्प्याटप्प्याने झाली आणि तोवर थोडे मुद्दल फिटलेले होते, म्हणून अनेकांची गाडी अगदी इतकी उलटली नाही. पण झाले ते असे, की बऱ्याच कर्जदारांचा हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली गेली. हप्ता बदलला नाही म्हणून घरात कोणाला कळलेही नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी फिटणारे कर्ज निवृत्तीनंतरच्या वर्षांत शिरले. पेन्शन नसलेल्या पिढीला याचा अर्थ काय, हे या सभेत वेगळे सांगायला नको.

२०२५ मध्ये रेपो दर पुन्हा उतरला, वर्षअखेर ५.२५ टक्के झाला. तेव्हा बरेच जण निश्चिंत झाले. पण उतरलेल्या दराचा लाभ सर्वांना सारखा मिळत नाही. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवी तरत्या व्याजाची घरकर्जे रेपोसारख्या बाहेरच्या दराशी जोडावी लागतात. त्याआधीची जुनी कर्जे आपण अर्ज करून बदलून घेतली नसतील, तर ती जुन्याच पद्धतीवर राहू शकतात. हाउसिंग फायनान्स कंपन्यांना तर हा नियमच लागू नाही. त्यांचा दर त्यांच्या स्वतःच्या मापाने चालतो. म्हणून आपले कर्ज कशाशी जोडलेले आहे, हे प्रत्येकाने या आठवड्यात विचारून घ्यावे.

हप्त्याखेरीज दुसरा खड्डा असतो तो स्वतःच्या पैशाचा. पन्नास लाखांच्या फ्लॅटवर नियमाप्रमाणे जास्तीत जास्त चाळीस लाख कर्ज मिळते. दहा लाख आपले. दस्तावेजाची स्टँप ड्यूटी ४.९ टक्के आणि नोंदणी एक टक्का, म्हणजे आणखी जवळजवळ तीन लाख, आणि हा खर्च बँक घराच्या किमतीत धरत नाही. (खरेदी फक्त स्त्रीच्या नावे असेल, तर नोंदणी फी माफ आहे, हे ध्यानात ठेवा.) हे तेरा लाख आणायचे कोठून? मग सोने गहाण पडते किंवा पर्सनल लोन निघते. एका घरावर दोन हप्ते सुरू होतात आणि दुसऱ्याचे व्याज पहिल्यापेक्षा बरेच जास्त असते. आम्ही पाहिलेल्या अडचणीतल्या कुटुंबांत घरकर्जापेक्षा या दुसऱ्या कर्जानेच अधिकांना बुडवले.

तिसरी गोष्ट बिल्डरच्या योजनांची. "ताबा मिळेपर्यंत हप्ता नाही" अशा पाट्या आपण वाचल्या असतील. या योजनेत कर्ज आपल्या नावावर निघते, रक्कम बिल्डरकडे जाते आणि ताब्यापर्यंतचे व्याज बिल्डर भरतो. त्याने भरणे थांबवले, की बँक आपल्या दारात येते, कारण सही आपली. दिल्लीच्या आसपास हजारो कुटुंबे अशी अडकली. नॅशनल हाउसिंग बँकेने जुलै २०१९ मध्ये हाउसिंग फायनान्स कंपन्यांना अशा योजनांपासून दूर राहण्यास सांगितले, आणि एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बिल्डर व बँका यांच्या संगनमताच्या प्राथमिक चौकशीचे काम सीबीआयकडे दिले. तेव्हा अशी पाटी दिसली, तर पुढे चालू लागावे.

रेरा कायदा २०१६ चा. त्याने पुष्कळ चांगले केले. नोंदणीकृत बानाखताशिवाय बिल्डरला दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही आणि ग्राहकांच्या पैशांपैकी सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. पण आपल्याशी संबंधित एक पळवाट त्यात आहे. पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरील किंवा आठपर्यंत सदनिकांच्या इमारतीला रेरा नोंदणी लागत नाही. जुन्या वाड्याच्या चिंचोळ्या जागेवर उभ्या राहणाऱ्या इमारती बहुधा याच मापात बसतात. वाडा बिल्डरला देताना आणि तेथेच फ्लॅट घेताना आपण त्या संरक्षणाबाहेर असू शकतो. तेथे करारनामा वकिलाकडून तपासून घेतल्याशिवाय सही करू नये.

चौथी गोष्ट सांगताना आम्हाला संकोच वाटतो, पण सांगतो. भाच्याला, पुतण्याला जामीन राहणे ही आपल्याकडे नात्याची रीत. नव्वद दिवस हप्ता थकला, की खाते बुडीत धरले जाते. मग २००२ च्या कायद्याप्रमाणे साठ दिवसांची नोटीस निघते आणि त्यानंतर बँक तारण ताब्यात घेऊ शकते. तारणात वाड्यातला हिस्सा लिहून दिला असेल, तर तोही त्यात आला. प्रेमापोटी सही करा, पण आपल्या राहत्या छपरावर करू नका.

आता मंडळाने काय करावे? याच शहरात १८८९ साली विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या पुढाकाराने अन्योन्य सहाय्यकारी मंडळी निघाली. देशातल्या सहकारी पतसंस्थांत तिला पहिलेपणाचा मान दिला जातो. सयाजीराव महाराजांनी १९०८ मध्ये येथेच बँक ऑफ बडोदाची स्थापना केली. कर्ज ही गोष्ट ज्या शहराने सार्वजनिक हिताची मानली, तेथे आपल्या मुलांनी इंग्रजीतल्या चाळीस पानांवर न वाचता सह्या कराव्यात, हे शोभत नाही.

आणि नियम आपल्या बाजूचा आहे. ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक घरकर्जापूर्वी बँकेने मुख्य बाबींचे विवरणपत्र द्यावे लागते. त्यात सर्व आकार धरून वार्षिक दर किती पडतो हे लिहावे लागते, ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावे लागते, आणि त्यावर विचार करायला किमान तीन कामाचे दिवस मिळतात. ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार दर बदलला, की हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडण्याची संधी कर्जदाराला द्यावी लागते. तरत्या व्याजाच्या घरकर्जाची मुदतपूर्व फेड केली तर दंड घेता येत नाही. कर्ज फिटल्यावर तीस दिवसांत मूळ कागद परत न दिल्यास, आणि चूक बँकेची असल्यास, दिवसाला पाच हजार रुपये भरपाई द्यावी लागते. हे सारे हक्क मागितल्याशिवाय मिळत नाहीत.

म्हणून कार्यकारिणी तीन ठराव मांडत आहे.

एक, शहरातील बँकांना मंडळातर्फे पत्र द्यावे, की हे विवरणपत्र मागणाऱ्यास गुजरातीत, आणि मराठी कुटुंबाने मागितल्यास मराठीतही मिळावे.

दोन, महिन्यातून एका रविवारी मंडळाच्या जागेत कर्जाचे कागद वाचून दाखवण्याची सोय करावी. आपल्यातले निवृत्त बँक कर्मचारी आणि वकील यांनी त्यासाठी वेळ द्यावा.

तीन, महानगरपालिकेच्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, कोणत्याही पक्षाचा असो, दोन प्रश्न विचारावेत. जुन्या वाड्यांच्या वारसनोंदी आणि दुरुस्ती-परवानग्या एका खिडकीवर आणण्यासाठी तुम्ही काय कराल? आणि मध्यमवर्गीयाला परवडेल असे भाड्याचे घर या शहरात कोठे मिळेल?

दुसरा प्रश्न मुद्दाम ठेवला आहे. वीस वर्षांचे कर्ज काढण्याची ज्याची ऐपत आज नाही, त्याला चांगले भाड्याचे घर मिळाले, तर त्यात कमीपणा नाही. आपल्या आजोबांपैकी कितीतरी जण आयुष्यभर भाड्याने राहिले आणि मुलांना शिकवून गेले.

ठरावांवर चर्चा व्हावी आणि ते मताला टाकावेत, अशी अध्यक्षांना विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.