परवलीचे वाक्य चुकले तर



संगणकातील कागदपत्रे परक्याच्या हाती पडली तरी त्याला वाचता येऊ नयेत म्हणून ती कूटबद्ध करून ठेवण्याची सोय आता सर्वत्र झाली आहे. ती उघडण्याचे परवलीचे वाक्य टंकताना एखादे अक्षर चुकणे, ही तर रोजचीच गोष्ट. अशा वेळी यंत्राने आपल्याशी काय बोलावे, एवढाच आजचा प्रश्न.

घरच्या कुलपाला भलती किल्ली लागत नाही. कूटलेखनाची तऱ्हा निराळी. येथे वाक्यापासून गणिताने किल्ली घडवली जाते, आणि चुकलेल्या वाक्यापासूनही किल्ली घडतेच! लिनक्समधील 'डीएम-क्रिप्ट'च्या साध्या पद्धतीत वाक्य पडताळण्याची कोणतीही खूण तबकडीवर ठेवलेली नसते. त्यामुळे चुकीचे वाक्यही ती निमूटपणे स्वीकारते आणि आत निरर्थक अंकांचा कचरा दिसू लागतो. मग तक्रार येते तीही भलतीच : तबकडीवरील रचना ओळखता येत नाही. बिचाऱ्या मालकाला वाटते, तबकडीच बिघडली. तो ती दुरुस्त करावयास जातो, किंवा पुन्हा फॉरमॅट करतो, आणि एका अक्षरापायी वर्षांचे लेखन, घरातील छायाचित्रे कायमची नाहीशी होतात. ज्याने अशी आज्ञावली रचली त्याला मी तरी निर्दोष म्हणणार नाही.

'लक्स' ही पद्धत अधिक शहाणी. मुख्य किल्लीचा एक गणिती ठसा ती तबकडीच्या आरंभी जपून ठेवते. ठशावरून किल्ली काढता येत नाही. पण हाती आलेली किल्ली खरी की खोटी, हे कळते. वाक्य जुळले नाही तर तसे सांगून ती तेथेच थांबते. अर्थात आरंभीचा हा भागच खराब झाला असेल, तर बरोबर वाक्यही जुळणार नाही. म्हणून 'वाक्य चुकले असावे, अथवा मजकूर बिघडला असावा' असे दोन्ही सांगणे प्रामाणिकपणाचे.

आम्हां शिक्षकांना चुकीखाली लाल रेघ ओढण्याची सवय. येथे मात्र ती नको. कोणते अक्षर चुकले हे सांगणे म्हणजे चोराला वाट दाखवणे. 'ओपनपीजीपी'मध्ये किल्ली चटकन पडताळण्यासाठी दोन अक्षरांएवढी खूण असे. आपोआप उत्तरे देणाऱ्या यंत्राला पुनःपुन्हा विचारून त्या खुणेच्या आधारे काही मजकूर उकलता येतो, हे मिस्टर आणि झुकेराटो या संशोधकांनी २००५ साली दाखवून दिले.

मालकाला मात्र मदत हवी. वाक्य प्रथम ठरवताना ते दोनदा विचारावे, कळफलकाची भाषा दाखवावी, इच्छा असल्यास ठिपक्यांऐवजी अक्षरे दिसू द्यावीत. आपल्या देवनागरीत तेवढ्यानेही भागत नाही. 'दऱ्या' या शब्दातील अर्धा र दोन निरनिराळ्या अंकक्रमांनी लिहिता येतो. आज्ञावलीने किल्ली घडवण्यापूर्वी हे पर्याय एकरूप करून घेतले नाहीत, तर घरच्या संगणकावर उघडणारी तबकडी मुलाच्या संगणकावर उघडत नाही. आणि पडद्यावर तर शब्द तोच दिसत असतो.