गोंगाट कोणाचा, संगीत कोणाचं? ब्लॅक सॅबथ आणि हातांची गोष्ट

(पहिल्या पिढीतील पदवीधर आणि संशोधक विद्यार्थ्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)



विषय वाचून काहींनी मला विचारलं की जातिविरोधी बैठकीत इंग्रजी हेवी मेटल कशाला? प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे हे संगीत पोचलं ते बहुतेक इंग्रजी माध्यमाच्या कॉलेजांतून आणि महागड्या गिटारींच्या सोबतीने. त्यामुळे ते आपल्याला खात्यापित्या घरच्या पोरांचा छंद वाटतं. पण ते जन्मलं कुठे, हे पाहिलं की चित्र बदलतं. समाजशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला या गोष्टीत दोन जागा महत्त्वाच्या वाटतात. एक, ती आपल्या गोष्टीशी जुळते ती जागा. दुसरी, जिथे ती अजिबात जुळत नाही ती.

इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम हे लोखंडाचं, पत्र्याचं, मोटारींच्या कारखान्यांचं शहर. त्यातला ॲस्टन हा कामगारांचा भाग. युद्धातल्या बॉम्बवर्षावाच्या खुणा अजून पुसल्या नव्हत्या, अशा काळात तिथे चार मुलं वाढली. टोनी आयोमी, गीझर बटलर, बिल वॉर्ड आणि ऑझी ऑस्बॉर्न. चौघांचेही जन्म १९४८-४९ चे. ऑझीने पंधराव्या वर्षी शाळा सोडली. त्याने मिळेल ते काम केलं, कत्तलखान्यातही राबला. घरफोडीच्या गुन्ह्यात काही आठवडे तुरुंगातही जाऊन आला. आयोमी पत्र्याच्या कारखान्यात होता.

वयाच्या सतराव्या वर्षी, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, आयोमीला नेहमीचं काम सोडून प्रेस मशीनवर उभं केलं गेलं. त्या जागेवरचा माणूस आला नव्हता. मशीनने त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं नेली. तो डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा हात नेमका उजवाच. गिटार संपली, असंच सगळ्यांना वाटलं. तेव्हा कारखान्याच्या फोरमनने त्याला एक रेकॉर्ड ऐकवली, जँगो राइनहार्टची. आगीत भाजून डाव्या हाताची दोन बोटं निकामी झालेला हा जॅझ वादक. जँगो रोमा समाजाचा. रोमा म्हणजे युरोपभर हाकलले गेलेले, नाझींनी ज्यांचा वंशसंहार केला ते लोक. त्यांची भाषा मराठी-हिंदीच्याच कुळातली आहे.

आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणं बनवली, वर जुन्या जॅकेटचं चामडं चिकटवलं. जाड तारा दाबवत नव्हत्या म्हणून बारीक तारा लावल्या. पुढे १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’ अल्बममध्ये बऱ्याच गाण्यांसाठी तारा नेहमीपेक्षा तीन अर्धस्वर सैल केल्या. सैल तार दाबायला सोपी, आणि तिचा आवाज खाली उतरतो, जड होतो. हा जड, खालचा आवाज पुढे जगभरच्या मेटल बँडांनी उचलला. त्यामागे एका कामगाराचा कापला गेलेला हात आहे, हे लक्षात ठेवा.

आता रेकॉर्डिंगकडे येऊ. १९६८ मध्ये एकत्र आलेला हा बँड आधी ब्लूज वाजवायचा. ब्लूज हे अमेरिकेतल्या काळ्या, शेतांत आणि रेल्वेमार्गांवर राबलेल्या माणसांचं संगीत. मेटलचा पाया तिथे आहे. पण पायातल्या दगडांची नावं कळसावर कोरली जात नाहीत. ब्लूजचे गीतकार विली डिक्सन यांना ‘लेड झेपेलिन’ या दुसऱ्या इंग्रजी बँडवर श्रेयासाठी १९८५ मध्ये खटला भरावा लागला. दोन वर्षांनी तो तडजोडीने मिटला. शोषितांमध्येही कोणाचं नाव राहतं आणि कोणाचं पुसलं जातं, हा प्रश्न आपण सोडायचा नाही.

ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम ऑक्टोबर १९६९ मध्ये एका दिवसात रेकॉर्ड झाला. स्टुडिओत जास्त वेळ घ्यायला पैसे नव्हते. जसं मंचावर वाजवायचे तसंच वाजवलं. १३ फेब्रुवारी १९७० ला तो बाजारात आला आणि ब्रिटनच्या यादीत आठव्या क्रमांकावर गेला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आलेला ‘पॅरानॉइड’ पहिल्या क्रमांकावर पोचला. त्यातलं ‘वॉर पिग्ज’ हे गाणं युद्ध पुकारणाऱ्या आणि गरिबांच्या पोरांना मरायला धाडणाऱ्या सत्ताधाऱ्यांवर आहे. व्हिएतनाम युद्ध तेव्हा चालू होतं. बहुतेक गाण्यांचे शब्द बटलर लिहायचा, पण त्या काळात गाण्यांचं श्रेय चौघांच्या नावावर सारखं नोंदवलं जायचं.

समीक्षकांनी काय केलं? ‘रोलिंग स्टोन’ या प्रतिष्ठित नियतकालिकात लेस्टर बँग्सने पहिल्या अल्बमची खिल्ली उडवली. पुढेही बरीच वर्षं नामवंत समीक्षकांना हा बँड ओबडधोबड वाटत राहिला. मग २००६ मध्ये त्याच बँडचा ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये समावेश झाला. संगीत तेच होतं. बदलली ती त्याला मोजणारी माणसं.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू यांनी १९७९ च्या ‘डिस्टिंक्शन’ या ग्रंथात हेच मांडलं: अभिरुची ही निसर्गाची देणगी नसते, वर्ग आपली उंची दाखवायला ती वापरतो. आपल्याला हे शिकायला फ्रान्सला जायची गरज नव्हती. माझे आजोबा हलगी वाजवायचे. गावातल्या लग्नाची वरात त्यांच्या हलगीशिवाय हलत नसे, पण मांडवात त्यांना जागा नसे. सनई मंगल आणि हलगी म्हणजे दणदणाट, हे कोणी ठरवलं? तमिळनाडूतला परई घ्या, तेलंगणातला डप्पू घ्या. चामडं ज्यांनी कमावलं, वाद्य ज्यांनी बनवलं आणि वाजवलं, त्यांच्याच माथी अपवित्रतेचा शिक्का.

इथेच ती दुसरी जागा येते, जिथे ही गोष्ट जुळत नाही. ऑझीने कत्तलखाना सोडला आणि कत्तलखान्यानेही त्याला सोडलं. त्याच्या मुलांना कोणी त्यांचं आडनाव विचारून मागे सरकलं नाही. आपल्याकडे ज्याच्या पणजोबांनी मेलेली ढोरं ओढली, तो पीएचडी करत असला तरी मार्गदर्शकाच्या खोलीत त्याला आधी आडनावच विचारलं जातं. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये हा फरक स्पष्ट केला होता. जात नुसती कामं वाटून थांबत नाही, ती काम करणाऱ्यांनाच एकमेकांपासून तोडते आणि वरखाली रचते. म्हणून कोणी ‘तिकडेही गरिबी होती, ते वर आले, तुम्हीही या’ असं म्हणालं, तर त्याला ही गोष्ट पूर्ण सांगा. वर्गाची शिडी चढता येते. जातीच्या उतरंडीत वरचं मडकं खालच्यावर रचलेलंच असतं.

आणखी एक धडा, आपल्या रोजच्या कामाचा. बँड जगभर गाजत होता, तेव्हा पैसा कुठे जात होता? सदस्यांनी आत्मचरित्रांत लिहिलंय: मागितली की गाडी मिळायची, घर मिळायचं, पण एकूण कमाई किती हे त्यांना ठाऊक नसायचं. घरात करार वाचणारं कोणी नव्हतं. पुढे आधीच्या व्यवस्थापनाशी कोर्टकज्जे झाले. १९७५ चा ‘सॅबोटाज’ हा अल्बम त्या वादाच्या छायेत रेकॉर्ड झाला आणि त्यातल्या एका गाण्याचं नावच ‘द रिट’ आहे. १९७९ मध्ये ऑझीला बँडमधून काढलं. २०१३ मध्ये जुन्या मंडळींनी ‘१३’ हा अल्बम केला आणि तो ४३ वर्षांनी पुन्हा ब्रिटनमध्ये पहिला आला. पण त्यात बिल वॉर्ड नव्हता. सही करण्याजोगा करार मिळाला नाही, असं त्याने जाहीरपणे सांगितलं होतं. प्रसिद्धीच्या पहिल्या वर्षांत चौघांनाही जे जमलं नव्हतं, ते त्याने म्हातारपणी केलं. कागद वाचला आणि नाही म्हणाला.

आपल्यातले किती जण तासिका तत्त्वावर शिकवतात? किती जणांनी कोणाच्या तरी प्रकल्पासाठी वाड्यावस्त्यांवर जाऊन मुलाखती घेतल्या, आणि छापील अहवालात आपलं नाव आभाराच्या ओळीतही दिसलं नाही? आपल्या घरात वाचणारे आपणच पहिले. म्हणून आपली सही ही फक्त आपली नसते. कामाआधी लेखी मागा. श्रेय कोणाचं, मानधन किती, सामग्री कोणाच्या मालकीची, हे विचारा. विचारलं तर उद्धट म्हणतील. म्हणू द्या.

आणि दुसरं काम. आपल्या घरातल्या, वस्तीतल्या वादकांचं, गायकांचं रेकॉर्डिंग करा. फोन सगळ्यांकडे आहे. नाव, गाव, साल, वाद्य कोणी बनवलं, हे सगळं सोबत लिहून ठेवा. पहिला अल्बम एका दिवसात, होत्या त्या पैशांत झाला होता. चांगल्या स्टुडिओची वाट बघत बसलो, तर आपले आजोबा-आजी थांबणार नाहीत.

५ जुलै २०२५ ला ॲस्टनमधल्याच व्हिला पार्क मैदानावर हे चौघं शेवटचं एकत्र वाजवले. बिल वॉर्डही होता. ऑझीला उभं राहता येत नव्हतं, तो सिंहासनावर बसून गायला. २२ जुलैला तो गेला. ज्या मोहल्ल्यात त्यांना मजूर म्हणून वाढवलं, तिथेच त्यांना कलावंत म्हणून निरोप मिळाला. ज्या मांडवाबाहेर माझे आजोबा उभे राहिले, त्या गावात अजून कोणत्याच हलगीवाल्याला असा निरोप मिळालेला नाही. तो मिळवून देणं हे आपलं काम आहे. ते उपकार म्हणून होणार नाही, अभ्यास करून आणि संघटित होऊनच होईल.