दोन गोळ्यांमधील सहा महिने
(आष्टी, तालुका परतूर, येथील शिक्षकांपुढील भाषण)



वर्गातील एखादे मूल फिकट दिसते, धड्यात त्याचे मन रमत नाही, खेळताना त्यास लवकर धाप लागते. अशा मुलास आळशी ठरविण्यापूर्वी त्याच्या पोटात जंत आहेत काय, याचा विचार व्हावयास हवा. आष्टीच्या परिसरातील मुले शेतात व मातीत वाढतात, आणि बहुतेक जंतांचा मार्ग मातीतूनच जातो.

गोल जंत वीतभर किंवा त्याहूनही लांब असतो. त्याची मादी दिवसाकाठी सुमारे २ लाख अंडी घालते. उघड्यावरील शौचामुळे ती मातीत मिसळतात, दोन ते चार आठवड्यांत परिपक्व होतात आणि न धुतलेले हात व भाजीपाला यांवाटे पोटात जातात. अंकुशकृमी जेमतेम एक सेंटिमीटरचा. परंतु त्याची अळी अनवाणी पायाच्या कातडीतून शिरते, व पुढे तो आतड्यास चिकटून रक्त शोषतो. मुलाच्या फिकटपणाचे हे एक कारण होय. सूतकृमी रात्री गुदद्वाराशी अंडी घालतो. खाजविताना ती नखांत जातात व तेथून पुन्हा तोंडात.

गूळ खाल्ल्याने जंत होतात हा समज खरा नव्हे. झोपेत दात खाणे हाही जंतांचा पुरावा नव्हे. निश्चित निदान शौचाच्या सूक्ष्मदर्शक तपासणीनेच होते. सूतकृमीची अंडी मात्र सकाळी, आंघोळीपूर्वी, गुदद्वाराशी चिकटपट्टी लावून तपासतात.

प्रत्येक मुलाची तपासणी करणे खर्चाचे, आणि औषध तर सुरक्षित. म्हणून शाळेत तपासणीवाचून सर्वांनाच गोळी देतात. राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ साली सुरू झाला, तेव्हा पहिल्याच टप्प्यात महाराष्ट्राचा समावेश होता. अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी दोन वर्षांवरील मुलांना पूर्ण, एक ते दोन वर्षांच्या बालकांना अर्धी व चुरून द्यावयाची असते. ती शिक्षकांसमक्ष चावून खावी. आजारी मुलास त्या दिवशी देऊ नये. गैरहजर मुलास पुढील नेमलेल्या दिवशी द्यावी. थोडी मळमळ वा पोटदुखी झाल्यास मुलास विश्रांती द्यावी व आरोग्यसेविकेस कळवावे. शौचात रक्त वा आव पडत असल्यास मात्र या गोळीवर विसंबू नये. मुलास प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे.

तथापि गोळी पोटातील जंत मारते, मातीतील अंडी नव्हेत. यास्तव खरे काम दोन गोळ्यांमधील सहा महिन्यांचे आहे. नारूचे उदाहरण पाहावे. तो आतड्यातील जंत नव्हे, आणि त्यावर गुणकारी औषध वा लसही नव्हती. पाणी गाळून पिणे व पायऱ्यांच्या विहिरींत लोकांना उतरू न देणे, एवढ्याने त्याचा मार्ग तोडला गेला. भारतात नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ साली आढळला आणि २००० साली देश नारूमुक्त ठरला.

जंतांचा मार्गही असाच तोडता येईल. खिचडीपूर्वी प्रत्येकाने साबणाने हात धुवावेत. आठवड्यातून एकदा नखे पाहावीत. पायांत चप्पल असावी. ती घेण्याची ऐपत नसलेल्या मुलास शिक्षा न करता ग्रामस्थांच्या साह्याने ती मिळवून द्यावी. शाळेच्या शौचालयात पाणी असावे व त्यास कुलूप नसावे. कारण बंद शौचालयापुढे आरोग्याचा धडा व्यर्थ ठरतो.

गोळी वर्षातून दोनदा येते. शिक्षक मात्र शाळेत रोज असतो.